दाराआडचा काळा कोट

मी काळा कोट बोलतोय. वकिलाचा समजू नका, कोर्टाची पायरी मी आयुष्यात चढलेलो नाही. लग्नसमारंभातला तर नाहीच नाही. मला पाहून कोणी खुश झाल्याचं मला आठवत नाही. एका वृत्तवाहिनीच्या मेकअपच्या खोलीत, दाराआडच्या खुंटीवर मी अर्धं आयुष्य काढलं. कोणी मोठं माणूस गेलं की बातमी सांगणाऱ्याच्या अंगावर चढायचं, एवढंच माझं काम. एरवी नुसतं टांगून राहायचं. कंटाळा यायचा, पण तक्रार करणार कोणाकडे? मी खाली उतरूच नये अशीच सगळ्यांची इच्छा असायची.

वाहिनी सुरू झाली त्या वर्षी संपादकांनी एका शिंप्याला बोलावून घेतलं. म्हणाले, "कोणी गेल्याची बातमी रंगीबेरंगी कपड्यात सांगितलेली बरी दिसत नाही. एक काळा कोट कायम तयार हवा."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली. "माप कोणाचं घेऊ?"

"कोणाचंच नको. ऐनवेळी जो हजर असेल त्याला तो बसला पाहिजे."

शिंपी चांगलाच वैतागला. घरी जाऊन बायकोपाशी कुरकुरला, "अंगात कोणी नसलेला कोट शिवायचा कसा? खांदे संपवायचे कुठे?" शेवटी त्याने अंदाजपंचे मला शिवून टाकलं. त्यामुळे मी कोणालाच धड बसेना. एका जाड्या वृत्तनिवेदकाच्या पोटावर माझी बटणं लागायची नाहीत, तर दुसऱ्या हडकुळ्याच्या खांद्यावरून मी ओघळायचो. मग पाठीमागे टाचण्या मारून वेळ भागवायची. पाठ कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून निभावलं.

माझी देखभाल करायचा तो मेकअपवाला. त्याला सगळे पावडरदादा म्हणत. तो अधूनमधून मला ब्रशने झटकायचा आणि म्हणायचा, "झोप बाबा, झोप." त्या कचेरीत 'मेला' हा शब्द कोणी तोंडातून काढायचं नाही. इस्पितळाबाहेर उभा असलेला बातमीदार फोन करायचा तो एवढंच सांगायला की कोट काढून ठेवा. कधी सांगायचा, "आज कोट नको, साहेब जेवले." मग मी पुन्हा दाराआड.

जिच्यासाठी हे सगळं सांगतोय ती आली तेव्हा अगदीच पोरसवदा बातमीदार होती. बुटांना कायम चिखल, केस रबरबँडने कसेबसे बांधलेले. तिला बसायला टेबल नव्हतं, म्हणून ती मेकअपच्या खोलीत येऊन बिस्किटं खायची. पुराच्या पाण्यात उभी राहून बोलायची, जळालेल्या गिरणीसमोरून बोलायची, आणि परत आली की पावडरदादाला विचारायची, "दादा, मी फार भरभर बोलले का?" तो म्हणायचा, "आगगाडी बरी." ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच बोलायची.

एका दुपारी देशातली सगळ्यांची लाडकी म्हातारी गायिका वारली. एका निवेदकाचा घसा बसलेला, दुसरा वाटेत रहदारीत अडकलेला. संपादक धावत खोलीत आले आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तू. ऊठ. कोट घाल." तिच्या तोंडात अजून बिस्किट होतं. पावडरदादाने टाचण्या ओठांत धरल्या आणि मला तिच्या अंगावर चढवलं. माझे खांदे जिथे संपत होते तिथेच तिचे संपले. बाह्या बरोबर मनगटावर आल्या. दादा दोनदा तिच्याभोवती फिरला आणि त्याने टाचण्या परत डबीत टाकल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिने बातमी सांगितली. नाव घेतल्यावर ती एक श्वासभर गप्प राहिली, नुसती समोर बघत राहिली. त्या दिवशी ती मुळीच भरभर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक विचारायला लागले, ती मुलगी कोण?

मग तिने मागे वळून पाहिलं नाही. मुलाखतीत मंत्र्याने गोलमोल उत्तर दिलं की ती पुढचा प्रश्नच विचारायची नाही. हनुवटी टेकवून स्वस्थ बसायची. ते मौन मंत्र्याला असह्य व्हायचं आणि तो आपणहून नको ते बोलून बसायचा. बक्षिसं आली, स्वतःची खोली आली, बसथांब्यावर तिचा भला मोठा फोटो लागला. पण कोणी गेलं की तीच लागायची, आणि मीच. एकदा ती काळा स्वेटर घालून दूध आणायला गेली, तर दुकानदाराने हातातलं काम टाकून विचारलं, "कोण गेलं?" तिच्या आईने तर बजावूनच ठेवलं होतं, "तुझं ते काळं ऑफिसात. माझ्या घरात नको."

आता मुद्द्याचं सांगतो. घाबरू नका, मी स्वतः घाबरून झालोय.

गायिका गेली त्या दुपारी, फोन यायच्या आधीच, खुंटीवर टांगल्या टांगल्या माझ्या बाह्या गरम झाल्या होत्या. मला वाटलं भिंतीतून गरम पाण्याची नळी जात असेल. पण मी भिंतीवर नव्हतोच, दारावर होतो. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. ती उन्हाची ऊब नव्हे. अंगातून नुकत्याच काढून ठेवलेल्या कपड्याला असते ना, तशी. मग ती मला घालायची, नाव घ्यायची, आणि नाव घेतल्याक्षणी मी तिच्या अंगावर असूनही गार पडायचो. कोणीतरी माझ्यातून उठून गेल्यासारखं वाटायचं.

तिच्याही ते लक्षात आलं. एकदा बाहीत हात घालताना ती थबकली. "दादा, हा आत्ता कोणी घातला होता का?"

"नाही."

"मग गरम कसा?"

पावडरदादा गुणगुणत होता, तो थांबला. ब्रश खाली ठेवत म्हणाला, "मला माहीत आहे. मी बोलत नाही. तूही बोलू नकोस."

ती बोलली नाही, पण रोज सकाळी आल्या आल्या दाराआड हात घालून माझी बाही चाचपायला लागली. बाही गरम लागली की इस्पितळातून फोन यायच्या आत ती पावडर लावून तयार बसायची. बाकीच्या वाहिन्या धावाधाव करत असायच्या तेव्हा हिची बातमी सांगून झालेली असायची. संपादक सगळ्यांना ऐकवायचे, "हिचं नाक बघा, हवेतून वास घेते." माझी मान अभिमानाने ताठ व्हायची, कोटाला जेवढी मान असते तेवढी.

मग तिची आई आजारी पडली. छाती भरलेली, बिछान्याला खिळलेली. धाकटा भाऊ आईजवळ राहायचा आणि ही कामावर यायची. त्याच सुमारास देशाचे अध्यक्षही इस्पितळात होते. फार म्हातारे गृहस्थ, सगळा देश त्यांना आजोबा म्हणायचा. एका सकाळी तिने बाहीत हात घातला, आणि इतक्या झटकन काढला की खुंटीच हलली. मी गरम होतो. कोणासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं. कोण येतंय ते मला कधीच कळायचं नाही, नुसती जागा भरलेली कळायची.

तिने घरी फोन लावला. भावाचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "बरी आहे ग ताई. मघापासून मला ओरडतेय, म्हणे खोलीत किती पसारा केलायस." तरीही तिचा श्वास काही खाली बसेना. तेवढ्यात इस्पितळातून बातमीदाराचा फोन आला. कोट काढा, म्हणाला.

ती मटकन खुर्चीत बसली. "सुटले बाई," ती हळूच म्हणाली. एक माणूस गेलं होतं आणि हिचा जीव भांड्यात पडला होता. पावडरदादाने ते ऐकलं, पण तो तिच्या गालांवरून पफ फिरवत राहिला.

ती स्टुडिओत जाऊन बसली. आजोबांचं नाव घेतलं, निधन झालं म्हणाली, नेहमीसारखी श्वासभर गप्प राहिली. मी गार पडायची वाट बघत होतो.

मी गार पडलो नाही.

तिच्या ते लगेच लक्षात आलं. तोंडाने आजोबांच्या बालपणाबद्दल बोलणं चालू, आणि टेबलाखाली एका हाताने दुसऱ्या हाताची बाही घट्ट धरलेली. तिने पुन्हा एकदा नाव घेतलं. मग मुद्दाम तिसऱ्यांदा, सगळ्या पदव्या लावून. माझी ऊब तसूभरही हलली नाही. अशा दिवशी जाहिराती बंद ठेवतात, त्यामुळे मध्ये उठायला जागाच नव्हती. कानातल्या बटणातून संपादक सांगत होते, "हलू नकोस, सगळा देश तुझ्याकडे बघतोय. आजचा दिवस तुझा आहे." तो होताच. अशा दिवसासाठी तिने सगळं आयुष्य घातलं होतं. मला मात्र ओरडून सांगावंसं वाटत होतं की ऊठ, पण कोटाला आवाज कुठला?

ती वाक्याच्या मध्येच थांबली. कॅमेऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मला घरी जायला हवं." मग छातीवरचा माईक काढून टेबलावर ठेवला, आणि आम्ही निघालो. नंतर ऐकलं, बराच वेळ सगळ्या देशाला नुसती रिकामी खुर्ची दिसत होती.

दार भावाने उघडलं. तो चक्रावलाच. "अग ताई, आई बरी आहे. तू हे काय केलंस?"

आई उशीला टेकून टीव्ही बघत होती. "खुर्ची सोडून अशी कोणी येतं का? लोक काय म्हणतील?" मग तिची नजर माझ्यावर गेली. "माझी बातमी घेऊन आलीस होय?"

"नाही. तुझ्याजवळ बसायला आले."

"मग काढ ते. घरात बाहेरचे कपडे कशाला?"

तिने मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि भावाने टीव्ही बंद केला. मायलेकी खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून थोडा वेळ भांडल्या. मग आईने तिच्या केसांना लागलेला स्प्रे बघून नाक मुरडलं आणि ओल्या फडक्याने तो पुसायला घेतला. जुन्या घरमालकिणीच्या नकला काढून दोघी हसल्या. आईला हसता हसता ढास लागली, मग झोप लागली. भाऊ सूप गरम करायला आत गेला होता तेव्हा मी गार पडलो. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या हातात आईचा हात होता, तिला तिथेच कळलं. जन्मभर जिने सगळ्यांच्या आधी बातमी दिली, ती भावालासुद्धा हाक न मारता कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

ऑफिसने तिला सांभाळून घेतलं. काहींनी नावं ठेवली, काहींना रडू आलं, महिनाभरात सगळे विसरले. तिने कोट हरवला म्हणून सांगितलं. त्यांनी नवा शिवून घेतला, तिचं माप घेऊन. मी तिच्या घरच्या कपाटात राहिलो.

वाटलं होतं, आता सुटलो. कारण आई गेल्यापासून माझ्या बाह्या एकदाही भरलेल्या नाहीत. जे काही यायचं ते यायचं थांबलंय. मी आता साधा कोट आहे हो, जरासा विटलेला.

पण हे तिला कोण सांगणार? ती सकाळी उठते, कपाट उघडते आणि बाहीत हात घालते. घालते तो काढतच नाही. हात आत राहिला की बाही ऊबदार होणारच. ती लगेच भावाला फोन लावते. तो म्हणतो, "ताई, मी जिवंत आहे. चहा पितोय." मग मावशीला फोन, मग पावडरदादाला. आधी ती कामावर उशिरा जायची, आता जातच नाही. बसथांब्यावर दुसरीच कोणी हसते म्हणे.

हल्ली ती मला अंगावर चढवते. केस विंचरून, बटणं लावून आरशासमोर बसते, आणि बातम्यांच्या आवाजात सांगते की तिच्या धाकट्या भावाचं निधन झालं. मग श्वासभर गप्प राहते, मी गार पडतोय का ते बघायला. मी कसा पडणार? आत ती आहे, जिवंत, धडधडत. मग ती मावशीचं नाव घेते, पावडरदादाचं घेते, संपादकांचं, शेजाऱ्यांचं. कोणाच्याही नावाने मी गार पडत नाही आणि तिची भीती वाढत जाते. कालपर्यंत ओळखीतली सगळी नावं घेऊन झाली.

आज ती पुन्हा आरशासमोर बसली आहे. स्वतःकडे टक लावून बघते आहे. एकच नाव घ्यायचं राहिलंय, आणि ते घ्यायला तिने ओठ उघडले आहेत.

तुमच्यापैकी कोणी जवळपास राहत असेल तर कृपा करा, तिच्या दाराची बेल वाजवा. आत या, मला तिच्या अंगावरून उतरवा आणि हवं तर जाळून टाका, माझं काही म्हणणं नाही. फक्त तिला एवढं सांगा की बाई, ही ऊब तुझी आहे.