वाढीव कपाटं

सिस्टरनं फळीवरची शेवटची बरणी काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळपासूनची ही कितवी फेरी, हे मोजायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. सोफ्यावर ताटं, टीपॉयवर वाट्या, टीव्हीच्या पुढ्यात ओळीनं तीन कुकर. खिडकीखाली झाकणांची चळत एवढी उंच झाली होती की पंखा लावायचा धीर होत नव्हता. स्वयंपाकघर ते केवढंसं, आणि त्याच्या पोटातून हे एवढं निघालं.

"तीन कुकर?" तिनं विचारलं.

"एक मोठा, एक लहान," अण्णा म्हणाले, "आणि एकाची शिटी हरवलीय."

"मग तो कशाला ठेवायचा?"

"शिटी सापडली तर?"

अण्णा म्हणजे तिचा नवरा. पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं नळांचे नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. या नव्या कपाटांचा नकाशाही त्यांनीच काढला होता. ओट्यावरची पूर्ण भिंत, पार छतापर्यंत, आणि दाराच्या वर आणखी एक माळा. कागद जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले होते. सुतार अकरा वाजता येणार होता.

लग्नाला दहा महिने झाले होते. सिस्टर अठ्ठावन्न वर्षांची, तिचं हे पहिलंच लग्न. एकतीस वर्षं तिनं इस्पितळात काढली, राहायलाही तिथल्याच क्वार्टरमध्ये. तिला सगळे सिस्टर म्हणत, त्यामुळे लग्नानंतर अण्णाही सिस्टरच म्हणत राहिले, आणि तेही अहो-जाहो घालून. ऑपरेशनसाठी ते तिच्या वॉर्डात आठ दिवस होते. घरी सोडल्यावरही येत राहिले, गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, हे विचारायला. गोळ्या संपून दोन महिने झाल्यावर या चौकशीचं दोघांनाही हसू आलं.

अण्णांची पहिली बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. स्वयंपाकघर तिचंच होतं, जसंच्या तसं. सिस्टरनं एकदाच, चहा गाळता गाळता, विषय काढला होता.

"यातलं थोडं कमी करू या का? दोघांना एवढं लागत नाही."

अण्णा रागावले नाहीत. गॅलरीत जाऊन बसले, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासमोर नकाशा उलगडला. जागाच कमी पडतेय ना, मग जागा वाढवू. माणूस भला होता. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येई, मग ते असा लांबचा वळसा घेत. नकाशा खरोखरच देखणा होता. सिस्टर म्हणाली, "छान आहे."

दहाच्या सुमाराला अण्णांची मुलगी मदतीला आली. तिला घरात चिमणी म्हणत. आता ती दोन मुलांची आई होती, एका हातानं गॅसचं सिलिंडर सरकवणारी, पण चिमणी ती चिमणीच. आल्या आल्या तिनं ओढणी कमरेला बांधली, खोलीभर नजर टाकली आणि जमिनीवर बसकण मारली.

"अण्णा, हे सगळं परत आत जाणार?"

"म्हणून तर कपाटं करतोय."

तिनं सिस्टरकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही काही बोलत नाही?"

"मी नुसती पुसतेय," सिस्टर म्हणाली.

मावशी म्हणायचं, हे चिमणीनं नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर ठरवलं होतं. आई म्हणवत नव्हतं आणि सिस्टर म्हटलं की इंजेक्शन आठवायचं.

अण्णा मग भांड्यांमध्ये हिंडू लागले. हा डबा चिमणीच्या जन्माच्या वर्षीचा. ही परात नव्या घरात आल्यावर घेतलेली. प्रत्येक वस्तू ते उचलत, उजेडात धरत आणि परत अगदी तिथेच ठेवत. चिमणी हूं हूं करत होती. सिस्टर आतून चमच्यांची मूठ घेऊन आली आणि दारात थांबली, कारण अण्णांच्या हातात आता दांड्याचं एक लहान पातेलं होतं. दांड्याचं टोक जळून काळं पडलेलं.

"हे मात्र जपून ठेव हं चिमणे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "तुझी आई रोज सकाळी यात दूध तापवायची. मला उठवायची नाही. कप उशाशी आणून ठेवायची आणि वर बशी झाकायची. दूध निवलंय का, ते आधी बशीला बोट लावून बघायची."

सिस्टरच्या मुठीतला एक चमचा निसटला. खणकन आवाज झाला, पण अण्णांनी वर पाहिलं नाही.

ते पातेलं सिस्टरनं स्वतःच्या पहिल्या पगारात घेतलं होतं. रात्रपाळीहून आल्यावर एकदा गॅस लावून ती उभ्या उभ्या पेंगली, तेव्हा दांडा जळला. स्वतःच्या सामानातलं एवढं एकच भांडं तिनं या घरात वापरायला काढलं होतं. आणि उशाशी कप ठेवताना बशीला बोट लावून बघायची सवयही तिचीच, वॉर्डातली, पेशंटचं तोंड पोळू नये म्हणून.

चिमणीनं पातेलं हातात घेतलं. उलटं करून बघितलं. मग तिनं मान वर केली आणि सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं हलकेच, दिसेल न दिसेल अशी मान हलवली. नको.

"ठेवते हं अण्णा," चिमणी म्हणाली. "जपून ठेवते."

जरा वेळानं ती पातेलं घेऊनच स्वयंपाकघरात आली. सिस्टर रिकाम्या ओट्याशी चमचे पुसत होती.

"हे आमचं नाही, मावशी. आमच्याकडे असं भांडं नव्हतंच."

"हो."

"आणि आई आठच्या आत कधी उठलेली मला आठवत नाही." चिमणीनं आवाज खाली आणला. "दूध अण्णाच तापवायचे. रोज उतू घालवायचे, आणि आई उठायच्या आत ओटा पुसायला धावायचे. आईला स्वयंपाकाचा कंटाळा होता हो. ही निम्मी भांडी तर अण्णांनीच आणलीत, कुठं सवलत दिसली की उचल."

सिस्टरला हसू आलं. या बाईबद्दल तिला दहा महिन्यांत कुणी काही सांगितलं नव्हतं. ती मनातल्या मनात जिला वचकून होती, ती बाई पहाटे उठून सगळं वेळच्या वेळी करणारी होती. ही आठ वाजेपर्यंत झोपणारी तिला एकदम जवळची वाटली.

"सांगू का मी त्यांना?" चिमणीनं विचारलं.

"नको."

"अहो, पण तुम्ही करायचं आणि..."

"वॉर्डात एक म्हातारे होते. शुद्धीवर येताना मला बहीण समजून तासभर बोलत बसले. मी ऐकलं. खोडून काय मिळणार होतं?"

"अण्णा शुद्धीवर आहेत, मावशी."

"तेही खरंच," सिस्टर म्हणाली, आणि मग दोघी तोंडावर हात धरून हसल्या.

हसू ओसरल्यावर चिमणी बाहेर गेली. सिस्टर तशीच उभी राहिली. या घरात आपण दुसऱ्या कुणाच्या आठवणीत पाहुण्यासारखे राहतोय, असं तिला इतके दिवस वाटायचं. आता कळत होतं, त्या आठवणीत थोडी आपलीच भर पडत चाललीय. याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, हे तिला ठरवता येईना. पुसून झालेले चमचे तिनं पुन्हा पुसायला घेतले.

सुतार अकरा म्हणून पावणेबाराला आला. त्याची माणसं कपाटांचे सांगाडे जिन्यात टेकवून गेली. बाहेरच्या खोलीत पाऊल कुठं टाकावं, हे त्याला कळेना.

"काका, दुकान टाकताय काय?"

"दोन इंच इकडे-तिकडे चालणार नाही," अण्णा म्हणाले. "नकाशाप्रमाणे व्हायला हवं."

सुतारानं जुनी फळी उपटून काढली. तिच्या जागी भिंतीवर तेलकट काळपट रेघ राहिली. तो रेघेकडे बघत थांबला.

"पहिला कप्पा कुठं घेऊ?"

"तिथंच. जुन्या फळीचंच माप धरलंय. सव्वीस वर्षांत कधी तक्रार नाही."

"वापरणार कोण?"

अण्णा क्षणभर गोंधळले. "म्हणजे?"

"काकू, जरा इकडे या," सुतार म्हणाला. "ओट्याला लागून उभ्या राहा. हात वर करा. डबा काढायला करता ना, तसा."

सिस्टरनं पदर सावरला आणि हात वर केला. बोटं बरोबर रेघेला टेकली.

"पोचतोय की," अण्णा म्हणाले. दारातून बघणारी चिमणीही पुढं आली.

पण सुतार उकिडवा बसला होता, टेप शोधत, आणि त्याची नजर खाली होती.

"काकू," तो म्हणाला, "टाचा टेकवा."

सिस्टरनं खाली पाहिलं. तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं टाचा फरशीला टेकवल्या. भिंतीवरून बोटं घसरत रेघेच्या चांगली चार बोटं खाली आली आणि थांबली.

अण्णांनी रेघेकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या नकाशाकडे. सुतारानं पेन्सिल काढली.

"थांबा," अण्णा म्हणाले. "टेप माझ्याकडे द्या."

ओट्याचा आधार घेत, एक एक गुडघा वाकवत ते खाली बसले आणि टेपचं टोक त्यांनी तिच्या टाचेशी धरलं.

"तुम्ही हलू नका," ते म्हणाले. "मी माप घेतो."