तेवीस मासे, दोन फुटांची पेटी

“पदर सोडा गो माजा, आदीच जीव कोंडलाय,” पुष्पलताबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या. “दार बंद, पंखा बंद. येका माशाला मराया इतका येळ लागतंय?”

पदर मी धरलेलाच नव्हता, त्यावर हंसाबेन बसल्या होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तीस तरी माणसं होतो. नवघर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगचा तळमजला, मनोरमाचं घर, अमावास्येची संध्याकाळ. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या दोन फुटी फिश टँककडे लागलेल्या.

टँकशेजारी दत्ताराम गुरुजी. ते सत्त्याण्णव साल होतं आणि तोवर बाबा लोकही सुधारले होते. भगवी कफनी नाही, जटा नाहीत. बदामी सफारी, खिशाला दोन पेनं, कपाळावर भस्माचा पट्टा. आल्या आल्या त्यांनी टँकच्या हवेच्या पंपाचं बटण बंद केलं. “ही घरघर मंत्रात विघ्न आणते.” मग पंखा, समई विझू नये म्हणून. मग मूठभर पेढा कुस्करून पाण्यात. आणि मग डोळे मिटून, घुमवलेल्या आवाजात, “जल ने लिया है माताजी, जल ही सँभालेगा!”

अर्ध्या तासाच्या आत चमत्कार सुरू झाला. एकेक मासा तळातून वर आला. पाण्याच्या वरच्या कडेला तोंडं टेकवून सगळे ओळीत उभे राहिले आणि तोंडांची उघडझाप करू लागले.

“देखिए! नाम ले रहे हैं!” गुरुजी गरजले.

“जुओ तो, बराबर राम-राम बोले छे!” हंसाबेनच्या डोळ्यांत पाणी.

बायकांनी हात जोडले. पुरुषांनी टाचा उंचावल्या. एवढ्यात एक पांढरा एंजल मासा तिरका झाला, आडवा झाला आणि पाण्यावर तरंगायला लागला.

“लिया! ले लिया!” गुरुजींनी टाळी वाजवली. “माताजी, आपके बेटे का संकट इसने ले लिया. आता महिनाभर निश्चिंत!”

मनोरमाने काचेला कपाळ टेकवलं. “वाचला गं माझा जितू,” ती म्हणाली. आदल्या दिवसापासून तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. मासा मरेपर्यंत घ्यायचा नाही, असा गुरुजींचा नियम होता. मी पेला पुढे केला, तो तिच्या हातातून निसटला आणि ती तिथेच कोसळली.

जितू म्हणजे जितेंद्र, तिचा एकुलता एक. मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता. वर्षापूर्वी कंपनीचं पत्र आलं, इंग्रजीत. मनोरमाला इंग्रजी येत नाही. तिच्या नवऱ्याने, उत्तमरावांनी, ते तिला मराठीत वाचून दाखवलं : जितेंद्र बोटीवरून बेपत्ता आहे, शोध घेतला. एवढंच वाचून त्यांनी पत्राची घडी घातली.

त्याच संध्याकाळी ते पत्र घेऊन दोन जिने चढून माझ्याकडे आले. “गिरिजावहिनी, खालच्या ओळींचा अर्थ मी लावतोय तोच आहे ना?”

माझं इंग्रजी रद्दीतल्या पुस्तकांवर आणि एका फाटक्या डिक्शनरीवर पोसलेलं. त्यांची उभी हयात विमा ऑफिसात पत्रं लिहिण्यात गेली. अर्थ त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळला होता. त्यांना दुसरा एखादा अर्थ हवा होता, आणि तो माझ्यापाशी नव्हता. शोध थांबवला आहे, मुलगा बुडाला असं समजावं, असं त्या ओळींत स्वच्छ लिहिलं होतं.

आठ दिवसांत सगळ्या बिल्डिंगला कळलं. एक मनोरमा सोडून. आधी म्हटलं, जरा सावरू दे. मग म्हटलं, गणपती होऊन जाऊ देत. मग सांगायची वेळच निघून गेल्यासारखं झालं आणि आम्ही जिन्यात भेटलो की तिला निर्लज्जपणे विचारू लागलो, “काही कळलं का गं जितूचं?”

टँक मीच दिला होता. बाईने दिवसभर दाराकडे बघत बसू नये म्हणून. त्यात सहा झेब्रा मासे सोडले होते, बोटाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, एकमेकांच्या मागे धावणारे. ती त्यांच्यात रमलीही. उन्हाळ्यात त्यातला एक मेला. नेमके त्या दिवशी दत्ताराम गुरुजी शेजारच्या विंगमध्ये कोणाच्या तरी स्वयंपाकघराची दिशा बदलायला आले होते. त्यांना बोलावलं गेलं. त्यांनी मेलेल्या माशाकडे पाहिलं, भिंतीवरच्या जितूच्या फोटोकडे पाहिलं, आणि बाईच्या चेहऱ्याकडे सगळ्यात जास्त पाहिलं.

“मुलगा पाण्यावर आहे ना? त्याच्यावर आलेलं या माशाने घेतलं. मासे मरतायत तोवर तुमचा मुलगा जिवंत आहे, लिहून ठेवा.”

त्या दिवसापासून टँक त्यांचा झाला. सहाने काय होणार? मुलाचं जेवढं वय तेवढे मासे हवेत. वाढदिवस झाला की एक वाढवायचा, एक मेला की लगेच दुसरा सोडायचा. असे तेवीस झाले. आणि माझे झेब्रा काढून टाकायचे, एका जातीचे चालणार नाहीत, पाच तत्त्वं म्हणून पाच जाती. गोल्डफिश पृथ्वी. एंजल आकाश. टायगर बार्ब अग्नी. गुरामी वायू. आणि करंगळीएवढा, लाल शेपटीचा, ज्याला दुकानदार शार्क म्हणतात तो, जल. मासे गुरुजी स्वतःच पिशवीतून आणायचे.

मी मासे पाळायला शिकले ती मासे मारून मारून. पहिल्या वर्षी माझ्या हातून चाळीसेक गेले. त्यांनी आमच्यावरचं एकही संकट घेतलं नाही, उलट ह्यांची बढती त्याच वर्षी हुकली. पण त्या चाळीस जिवांनी मला एवढं शिकवलं होतं की गुरुजींची यादी ऐकताच कळलं, ही मारामारीची यादी आहे. तरी मी गप्प बसले. मासे गुदमरून मरतात असं सांगायचं, तर पुढचं, जितूचं वाक्यही सांगावं लागणार होतं.

त्या अमावास्येला मात्र कोसळलेल्या मनोरमाला रिक्षात घालून गोडदेवला डॉक्टरांकडे नेलं. तिला साखरेचा त्रास जुना. डॉक्टर उत्तमरावांवर डाफरले, “पुन्हा असा उपास घडला तर बाई उठेलच असं नाही.” उत्तमरावांनी मान हलवली. परत येताना रिक्षात मनोरमा त्यांना म्हणाली, “गुरुजी म्हणाले, पुढच्या वेळी दोन दिवस धरायचा.” त्यावरही त्यांनी मान हलवली.

मी ठरवलं, आता पुरे.

पुढची अमावास्या आली. तीच गर्दी, तोच कोंडमारा. मनोरमा भिंतीला टेकून बसलेली, ओठ पांढरे. दोन दिवस आम्ही विनवण्या केल्या होत्या, तिने तोंड उघडलं नव्हतं. उत्तमराव नेहमीसारखे स्वयंपाकघरात, आमच्याकडे पाठ करून उभे. पंप बंद, पंखा बंद, पेढा पाण्यात. मासे वर आले आणि हंसाबेनच्या डोळ्यांत पाणीही आलं.

मी उठले, माणसांच्या पायांवर पाय देत कोपऱ्यापर्यंत गेले आणि पंपाचं बटण चालू केलं.

“कौन है? बंद करो! विघ्न!” गुरुजींचे डोळे खाडकन उघडले.

“विघ्न नाही गुरुजी, हवा आहे.”

बुडबुडे उठायला लागले. गुरुजी बटणाकडे वळले, पण मध्ये मी होते, आणि माझ्या देहाला वळसा घालून जाण्याइतकी जागा त्या खोलीत नव्हती. पाच-सात मिनिटं नुसती घरघर. मग एक टायगर बार्ब खाली गेला. त्याच्यामागे दुसरा. बघता बघता काठावरची ओळ मोडली आणि मासे खालच्या पाण्यात हिंडू लागले. आज एकही आडवा झाला नाही.

“पाहा, पाहा! मशीनच्या आवाजाने देवता रुसून खाली गेली!”

“मारा घरमां रोज मिक्सर चाले छे,” हंसाबेन तडकल्या, “मारा ठाकोरजी तो कोई दिवस नथी भाग्या!”

खोलीत खसखस पिकली. पुष्पलताबाईंनी मान पुढे काढली. त्यांच्या घराण्याची मिठागरं आणि भातशेती होती, उभा जन्म खाडीकाठी गेलेला. “आमचे शेतात डबक्याचं पानी आटलं का मासळी अशीच तोंडं वर करते. पोरं टोपलीनं धरतात. नाव न्हाय घेत ती, दम घेते.”

“मग हे आठ महिने बोलला का नाहीत?” कोणीतरी विचारलं.

“इचारलं कोनी मना? तुमी समदी हात जोरून उबी!”

मी म्हटलं, “हंसाबेन, तुम्हीच करून बघा.” त्यांनी पंप बंद केला. थोड्या वेळाने मासे वर. त्यांनी चालू केला, मासे खाली. मग दोघा-तिघांनी जवळ येऊन नाक काचेला लावलं. मी त्यांना एंजलचे कातरलेले लांब पर दाखवले. टायगर बार्बची ती खोडच आहे, लांब पर दिसला की लचका तोडायचा. कोपऱ्यातला शार्क दाखवला, तो आपल्या जागेच्या आसपासही दुसऱ्याला फिरकू देत नाही. गोल्डफिशला गार पाणी लागतं, तो खातो ढीगभर आणि घाण करतो त्याहून जास्त. या पेटीत एकमेकांशी पटणारे सात-आठ लहान मासे सुखाने राहतील. इथे पाच जातींचे तेवीस वैरी कोंडले, त्यांच्याच घाणीत पेढा कालवला आणि हवा तोडली. मेले नसते तर तो चमत्कार होता.

“शास्त्रात लिहिलंय!” गुरुजींचा आवाज आता घुमत नव्हता.

“असेल. मला एवढंच सांगा, मासा मेला तर संकट घेतलं म्हणता. न मेला तर?”

“तर संकट आलंच नाही.”

“मग तुमचं चुकलं हे आम्हाला कळायचं कधी? जे कधी चुकूच शकत नाही, ते खरं की खोटं कसं बघायचं? मी सांगते त्यावरही विश्वास ठेवू नका. बटण तुमच्यासमोर आहे, मासे तुमच्यासमोर आहेत. दाबा आणि बघा. कोणी काहीही सांगितलं, मी सांगितलं तरी, आधी बटण दाबून बघायचं. एवढंच करा हो, हात नंतर जोडा.”

गुरुजी दारातल्या चपलांच्या ढिगात आपले बूट शोधू लागले. “श्रद्धा नाही तिथे जल कोपतं!” असं काहीसं म्हणत एक बूट घालून आणि दुसरा हातात घेऊन ते गेट ओलांडून गेले. मागून लोक हसले. पंखा लागला, दार उघडलं. मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

“म्हणजे आज कोणीच मेलं नाही?”

मनोरमाने विचारलं होतं.

“नाही गं, एकही नाही,” मी आनंदाने म्हणाले. मूर्खासारखी.

“मग आज जितूवरचं कोणी घेतलं?”

ती भिंतीला धरून उठली. आम्हा सगळ्यांमधून ती टँकपर्यंत गेली आणि तिने पंपाचं बटण बंद केलं.

“एक मरू दे. एकच. मग चालू करा.” ती माझ्याकडे वळली आणि तिने हात जोडले. “गिरिजा, तुला मासे कळतात ना? यातला लवकर कोणता मरेल, तेवढं सांग मला.”

तीस माणसं लादीकडे बघत होती. पुष्पलताबाईंनी तोंडाला पदर लावला. मासे पुन्हा एकेक करून वर यायला लागले.

उत्तमराव स्वयंपाकघरातून बाहेर आले. आठ महिन्यांत विधी चालू असताना ते पहिल्यांदाच या खोलीत आले होते. त्यांनी मनोरमाचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

“कोणाला मारू नकोस आता,” ते म्हणाले. “त्याच्यावर यायचं होतं ते येऊन गेलं. आपला जितू बुडाला, मनोरमा. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, या सगळ्यांना माहीत आहे. जितू मेलाय.”