गुळाचे दोन चमचे

दुपारचे साडेतीन झाले की मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघंच उरत. आतल्या खोलीत खाटेवर पडलेले शरच्चंद्रबाबा, आणि स्वयंपाकघरात चंपा. बाबांचा मुलगा सर्वेश आणि सून श्रुतिका सकाळीच कामाला जात. दहा ते पाच बाबांचं खाणंपिणं, औषधं, सगळं चंपाच्या हाती.

दुपारची झोप झाली की आतून हाक यायची. जुनी, कोकणातली, गिरणीच्या खडखडाटातही ऐकू जाईल अशी.

"चंपाबाय, माका कायतरी गोड दी गो. कारल्याची भाजी खाऊन जीभ मेली माझी."

पहिल्यांदा चंपा हसून म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला शुगर हाय. वहिनी माझ्या नावानं शिमगा करतील."

"साखर नको. माका काय कळत नाय? साखर सोडून कायतरी."

साखर सोडून काहीतरी. मग काय, तिच्या मनानं वाट काढलीच. लेक संघमित्रा मोबाइलवर बघून कपात केक करायची. एकाच माणसापुरता, मायक्रोवेव्हमध्ये, मिनिटाच्या आत. मऊ नाही आणि कडकही नाही, बिस्किटाचा जाड तुकडाच म्हणा. लेक मैदा घालायची आणि साखर. चंपानं मैद्याच्या जागी नाचणी घेतली, साखरेच्या जागी गूळ. नाचणी डॉक्टरनीच सांगितलेली, आणि गूळ तर काय, औषधात घालतात. तिच्या माहेरी नगरकडे कुणाला अशक्तपणा आला की आजी गुळाचा खडाच हातावर ठेवायची. गूळ बाधतो असं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

एका कपात चमचाभर तूप वितळवायचं, त्यात किसलेला गूळ घोळवायचा. दोन चमचे नाचणीचं पीठ, एक कणीक, चिमूटभर सुंठ, एका लवंगेची पूड, वर जायफळ उगाळून. दुधाचा शिंतोडा देऊन बोटांनी दाबून बसवायचं. मग पन्नास सेकंद. आत कप गरगर फिरायचा आणि घरभर असा वास सुटायचा की बाबा काठी टेकत आपणहून बाहेर येत.

"आज गूळ वायच कमी पडलो," ते म्हणायचे. रोज. म्हणून एका चमच्याचा दीड झाला, दीडाचे दोन झाले. खाऊन झालं की ती कप घासून पालथा घालायची आणि खिडकी उघडायची. पाचाच्या आत वास जायचा.

वास जायचा खरा. पण मग रोज खिडकी कशाला उघडायची, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. बाबा म्हणायचे, "कोणाक सांगू नको हां," आणि ती मान डोलवायची. म्हाताऱ्या माणसाचा एवढासा आनंद, त्यात काय सांगायचं?

चार महिने असे गेले.

त्या सोमवारी श्रुतिका दुपारीच घरी आली. हातात कागद. चपलाही न काढता ती स्वयंपाकघराच्या दारात बसली.

"मावशी, बाबांचा रिपोर्ट बघा ना. तीन महिन्यांची साखर सव्वानऊ. आधी सात होती."

चंपाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"तुम्ही गोड काही देत नाही ना?"

"साखरेचा कण देत नाही, वहिनी," चंपा म्हणाली. आणि ते खरंच होतं. पण या चार महिन्यांत गुळाशिवाय नवीन काय होतं?

"मग मीच कुठेतरी चुकतेय." श्रुतिकानं डोळ्यांवर हात ठेवले. "नणंदेचा, बोरिवलीच्या ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आई गेल्यापासून बाबांकडे कुणाचं लक्ष नाही. मी रात्रीची भाकरी अर्धी केली, मावशी. ते अजून मागतात, आणि मी नाही म्हणते. म्हाताऱ्या माणसाला ताटावरून उपाशी उठवते, आणि तरी साखर वाढतेच."

आतल्या खोलीत खाट करकरली. बाबा जागे होते. ऐकत होते. पण आज हाक आली नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?" चंपानं विचारलं.

"इन्सुलिनचं इंजेक्शन वाढवलंय. बारा युनिट देत होतो, आजपासून अठरा. रात्री आठला, जेवणाआधी."

चंपाचा भाऊ धोंडिराम भांडुपला तिच्या शेजारीच राहतो, त्यालाही तेच इंजेक्शन. मागे एकदा सुई टोचून घेतली आणि जेवायच्या आधीच मित्राच्या हळदीला निघाला. गल्लीच्या तोंडाशी पडला. अंग घामानं निथळत होतं, दातखीळ बसलेली. डॉक्टर म्हणाले होते, साखर अंगात नसली तर हे औषधच माणसाला घेऊन जातं.

तिनं मनातल्या मनात जुळवणी केली. आता या भीतीनं आपण उद्यापासून कप बंद करणार. गूळ थांबणार. भाकरी तर आधीच अर्धी. आणि सुई मात्र अठराची. म्हणजे बाबा पडणार. आणि कप चालू ठेवला तर? तर पुढच्या महिन्यात अठराचे चोवीस. इकडे आड, तिकडे विहीर. वाट एकच होती आणि ती खरं बोलण्यातून जात होती.

पण तोंड उघडेना. श्रुतिका रडत असताना, "वहिनी, ते मीच," असं कसं म्हणायचं? चार महिने गूळ मीच घातला, आणि बोलणी तुम्ही खाल्लीत?

पाच वाजले. चंपानं पदर खोचला, पिशवी घेतली. निघताना आत डोकावली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"येते, बाबा."



जिना उतरताना तिच्या ओठांवर आपोआप ओळी आल्या. तिची आई जात्यावर अशीच मनातलं दळायची, पिठासोबत दुःख खाली पडायचं.

गुळाचा गं खडा, तोंडात विरला
मनातला बोल, मनात उरला
मनात उरला, काट्यावानी सलं
माझं गं केल्यालं, दुसरीनं भोगलं

पुढची ओळ जुळेना. बसस्टॉपवर भांडुपची बस आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. रोज सकाळी घरच्या बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणताना चौथं शील ती स्पष्ट म्हणायची, खोटं बोलणार नाही म्हणून. खोटं तर बोलले नाही की मी, तिनं स्वतःला समजावलं. आणि समजावता समजावता तिला स्वतःचीच शिसारी आली. ज्याचा अर्थ खोटा, ते बोलणं खरं कसं?

सहाला पाच कमी असताना तिनं पुन्हा बेल वाजवली.

दार श्रुतिकानं उघडलं. "काय विसरलात, मावशी?"

"वहिनी, अठराची सुई देऊ नका." चंपा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "मी बाबांना रोज गूळ घालून केक करून देते. चार महिने झाले. कपात, ह्या मायक्रोवेव्हमध्ये. मला वाटलं गूळ चालतो. तुमचं काही चुकलेलं नाही, वहिनी."

श्रुतिका तिच्याकडे नुसती बघत राहिली. चंपाला वाटलं, ओरडावं हिनं, हाकलावं. त्या बघण्यापेक्षा ते बरं.

"गूळ?" श्रुतिका म्हणाली. "गूळ म्हणजे साखरच ना हो, मावशी! मी इकडे भाकरीचे तुकडे मोजत होते."

"मला माहीत नव्हतं."

"मग दुपारी सांगितलं का नाही?"

चंपा चपला काढून आत आली.

श्रुतिकानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आज बाराच द्या, उद्या सकाळी साखर बघून ठरवू. पण रोज नेमकं किती पोटात जात होतं, ते मला सांगा.

"किती घालता?" श्रुतिकानं फोनवर हात ठेवून विचारलं.

"चमचा... म्हणजे दोन."

"कुठला चमचा? मला करूनच दाखवा."

आणि चंपानं केलं. आत बाबा, समोर सून, कानाला फोन. तूप, गूळ, नाचणी. एकेक चमचा ती वर धरून दाखवत होती आणि श्रुतिका तो मोठ्यानं सांगत होती. पन्नास सेकंद दोघी काचेतून आतल्या पिवळ्या उजेडात फिरणारा कप बघत राहिल्या. तोवर वास पसरला, आणि काठीचा आवाज आला.

बाबा दारात उभे होते. त्यांनी कप बघितला, सुनेकडे बघितलं, मग चंपाकडे.

"मीच सांगलंय तिका," ते म्हणाले. "तिचो दोष नाय."

"दोष माझाच हाय, बाबा," चंपा म्हणाली. "चमचा माझ्या हातात होता."

श्रुतिकानं फोन ठेवला. कपात चमचा घालून कडेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि लगेच तोंड वेडंवाकडं केलं.

"अहो, किती गोड आहे हे! तुम्ही कधी चाखलं नाहीत?"

चंपानं मान हलवली. एका माणसापुरतं असायचं ते. त्यातून आपण काय चाखायचं? बाबा कमी पडलो म्हणायचे, म्हणून ती वाढवत गेली होती.

"घ्या," श्रुतिकानं चमचा पुढे केला. आवाजात राग होता, पण चमचा तिनं अलगदच धरला होता.

चंपानं घास घेतला. गुळाचा जाड, चिकट गोडवा दातांत, टाळूला, घशापर्यंत भरला. सुंठ नाही, लवंग नाही, नुसता गूळ. एवढं? रोज एवढं? तिला तो गिळवेना, आणि थुंकणं तर शक्यच नव्हतं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, लहान मुलासारखे, चव कशी झाली ते कळावं म्हणून.

"लय गोड हाय, बाबा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"गोड?" बाबा ओट्याला टेकले. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. "माका तर तो कमीच लागता, गो. जीभ खरीच मेली काय माझी?"