घरी येण्याचं कारण

कलावती गेली त्याला विसावा दिवस होता. बायको वारली की पेन्शनच्या कागदांतून तिचं नाव कमी करावं लागतं, म्हणून निशिगंधाने बापाचं डिस्चार्ज बुक पेटीतून काढलं. फौज सोडताना मिळालेलं ते पुस्तक नाथाने तेहतीस वर्षांत कुणाच्या हाती लागू दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो गॅलरीत नुसता बसून होता.

"बाबा, आई वेडी होती?"

नाथाने वळून पाहिलं. फौज का सोडली ते तिच्या हातातल्या उघड्या पानावर लिहिलेलं होतं. स्वतःच्या विनंतीवरून, पत्नी मनोरुग्ण, सांभाळणारे कोणी नाही.

"नव्हती गं. चुकून पडलंय ते."

"चुकून? डॉक्टरचा दाखला टाचलाय सोबत. म्हणून ती कुणाच्या लग्नाला जायची नाही. ओट्यापाशी एकटीच बोलत राहायची. आणि मी तिच्यावर ओरडायचे."

"अगं, ती शहाणी होती."

"आता तरी झाकू नका, बाबा."

त्यानंतर ती रोज आईची एकेक जुनी गोष्ट काढायची आणि त्या पानाला नेऊन जोडायची. तिची आठ वर्षांची मुलगी कृतिका खेळण्यातल्या बाहुलीशी बोलत बसली, की निशिगंधाचा हात जागीच थांबायचा. हे रक्तातून तर उतरलं नसेल ना, असं तिने नवऱ्याला फोनवर विचारलेलं नाथाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चल, ठाण्याला जाऊ. नोंद दुरुस्त करून घेऊ. मग तरी विश्वास ठेवशील ना?"

बाळकुमहून रिक्षाने दोघं माजी सैनिकांच्या कचेरीत गेली. टेबलामागे काळुराम बसला होता, स्वतःही रिटायर हवालदार. पुस्तक उलटत तो हसला.

"या, नाथाभाऊ. काय, जन्मतारीख चुकली? आमच्या क्लार्क लोकांनी अर्धी पलटण एक जूनलाच जन्माला घातलीय."

"तारीख बरोबर आहे. हे कारण चुकलंय."

काळुरामने वाचलं. हसू गेलं. मागचे कागद त्याने एकेक करून पाहिले. "इथे तुमचा अर्ज आहे, सही तुमची. डॉक्टरचा दाखला आहे. घरी चौकशीला माणूस गेलेला, त्याचा रिपोर्ट आहे. यात क्लार्कची चूक कुठली?"

"चूक माझी आहे. अर्ज खोटा होता."

"भाऊ, क्लार्कने चुकीचं लिहिलं तर आपण सुधारतो. माणसाने खोटं सांगितलं आणि क्लार्कने ते बरोबर लिहिलं, त्याला काय करायचं?"

"बघा, बाबा," निशिगंधा हळूच म्हणाली. "चला घरी. मला राग नाही आलेला."

तिचा तो समजुतीचा सूर नाथाला सहन झाला नाही. तिच्याकडे न बघता तो काळुरामला सांगू लागला.

"वरच्या चौकीवर होतो. डोंगरावरून बर्फ सुटलं, त्यात माझ्या शेजारचा तानाजी गेला. तीन दिवस खणत होतो. सुट्टीवर आलो ते परत जाववेना. पाय चालेनात. पलटणीचा क्लार्क म्हणाला, घरात कुणी वेडं असलं तर लवकर सोडतात. डॉक्टर ओळखीचा निघाला. मी बायकोला सांगितलं. म्हणाली, एवढंच ना? तुम्ही कायमचे घरी आलात की मी होईन शहाणी."

काळुरामने पेन खाली ठेवलं.

"चौकशीचा माणूस आला त्या दिवशी केस सोडून अंगणात बसली. अख्खा डबा तांदूळ मातीत ओतला. त्या माणसाला दगड मारला. सगळी आळी बघत होती. तो गेल्यावर तिने केस बांधले नि तांदूळ निवडायला बसली. पण आळीने जे बघायचं ते बघितलेलं. मी सुटून घरी आलो. तिला पुन्हा शहाणं कुणी होऊ दिलं नाही. लग्नात बायका पोरं उचलून बाजूला सरायच्या, म्हणून जाईनाशी झाली. बोलणार कोणाशी? ओट्याशीच."

निशिगंधा उठली. "आणि तुम्ही?"

"मी गप्प बसलो."

"मी तिला वेडी म्हटलेलं तेव्हा? दहावीत होते. तुम्ही समोर होतात, बाबा."

"होतो."

ती दार लोटून बाहेर गेली.

काळुरामने कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या, वर पाठवतो. पण चौकशी लागेल. पेन्शनचं काय होईल, सांगता यायचं नाही. आणि नोंद बदलेलच असंही नाही. घरी जाऊन विचार करा."

"पाठवा."

नाथाने लिहायला घेतलं. माझी पत्नी कलावती पूर्ण शहाणी होती. मी भ्यालो होतो.

"असं नका लिहू," काळुराम हलक्या आवाजात म्हणाला. "मानसिक ताण लिहा. आजकाल त्याला सहानुभूती असते."

"ताण-बीण डॉक्टरने तिच्या नावावर लिहिलाय. माझ्या नावावर भ्यालो असू द्या."

खाली साक्षीदाराची जागा होती. काळुराम म्हणाला, तुमच्या पत्नीला शहाणी म्हणून ओळखणारं कुणी तरी हवं. नाथाला कुणाचं नाव सुचेना. त्या वेळची माणसं एक तर गेली होती, नाहीतर त्यांनी अंगणातलं तेवढंच पाहिलं होतं.

दार वाजलं. निशिगंधा आत आली, मधली खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसली. कागद ओढून घेतला, वाचला आणि सही केली. बापाकडे तिने पाहिलं नाही. उठताना काळुरामला विचारलं, "इथून बाळकुमला बस कुठून मिळते?"

येताना दोघं एका रिक्षात आली होती.