दुसऱ्या रांगेतला आवाज

सोफे शिवणारा गेला, त्याला महिना होत आला तेव्हा त्याच्या गायकवृंदानं शोकसभा ठेवली. बोलायला उभे राहिले ते खुद्द वृंदाचे सर. समोरच्याच खुर्चीत सोफेवाल्याची मुलगी हाताची घडी घालून बसली होती. ती रडायला आलेली नव्हती. ती उट्टं काढायला आली होती.

तिचे बाबा तरुणपणी कपड्यांच्या एका पेटीनिशी या देशात आले. भाषा येत नव्हती, काळं कुत्रंही विचारत नव्हतं. एका संध्याकाळी दुरुस्त केलेला सोफा पोचवायला ते याच सभागृहात आले आणि चाळीसएक माणसं एका दमात गाताना त्यांनी ऐकली. सोफा खाली ठेवायचंही भान राहिलं नाही म्हणे. पुढच्या तालमीला ते स्वतःच वृंदात, दुसऱ्या रांगेत उभे होते. मग दुकानात गिऱ्हाईक आलं, की आधी त्याला गाण्यातल्या शब्दाचा अर्थ विचारायचा आणि मग कापड दाखवायचं, असा त्यांचा धंदा. दातात खिळे धरून खालच्या सुरातली ओळ गुणगुणायचे. आई वैतागून म्हणायची, एक दिवस खिळा गिळाल आणि सुरात मराल.

कार्यक्रमाला मुलगी हटकून पुढे बसायची. घरी जाताना बाबांचं बोट धरून सांगायची, की मला तुमचा आवाज सगळ्यांत वेगळा ऐकू आला. बाबा नुसते हसायचे.

का हसायचे, ते तिला त्यांच्या शेवटच्या आजारपणात कळलं. पहिल्याच कार्यक्रमाआधी सरांनी त्यांना बाजूला घेतलं होतं. तालमीत मोकळेपणी गा, म्हणाले, तुमच्या आधारानं बाकीच्यांना सूर सापडतो; पण लोकांसमोर फक्त ओठ हलवा, तुमचे उच्चार परके वाटतात. बाबांनी ते जन्मभर पाळलं. गायला मिळत होतं ना, मग झालं, असंही वर म्हणाले. मुलीच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. जो आवाज निघालाच नाही त्याचं आपण कौतुक करत राहिलो, आणि त्यांना ते निमूटपणे ऐकून घ्यावं लागलं, हे तिच्या काही केल्या घशाखाली उतरेना.

आणि आता सर सांगत होते, की हा आवाज वृंदाचा पाया होता. डोळेही पुसले त्यांनी, रुमालाची घडी न मोडता. मग तिच्याकडे वळून मायेनं म्हणाले, बाबांचं आवडतं गाणं म्हणणार आहोत, तुला कसं हवंय? संथ, की नेहमीच्या लयीत?

ती उठली. "बाबा म्हणायचे तसं."

"म्हणजे कसं, बाळ?"

"ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. तुम्हीच शिकवलंत त्यांना."

मग तिनं आवाज न चढवता सगळ्या सभागृहाला काय झालं होतं ते सांगितलं. सर म्हणाले, तो काळ वेगळा होता, मला तर आता आठवतही नाही. बाबांना आठवत होतं, ती म्हणाली. वृंदाच्या दुसऱ्या रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्यातला बेकरीवाला, बाबांच्या शेजारी उभा राहायचा तो, आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून एकेक करत वृंदातले सगळे आपापल्या जागी गेले. पियानोवाल्या बाईंनी सरांकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर सर करणार काय? त्यांनी ताल द्यायला हात वर केले.

पियानो वाजू लागला. तोंडं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आवाज कुणाचाच नाही. पाठमोऱ्या सरांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरताना तिला स्पष्ट दिसत होता. तिला त्यांची दया आली नाही. बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. पहिलं कडवं संपलं तसे सरांचे हात खाली आले, पियानो थांबला आणि सुटलो एकदाचे म्हणून लोक चुळबुळू लागले.

"थांबू नका, सर," ती म्हणाली. "बाबा शेवटपर्यंत उभे राहायचे."