मीटरवर पाच व्होल्ट

"तुमचं यंत्र ठणठणीत आहे," मी नर्सबाईंना तिसऱ्यांदा सांगितलं. दवाखान्याचं ते श्वास देणारं यंत्र गेल्या महिन्यात मीच दुरुस्त केलं होतं आणि आता ते मध्येच बंद पडून आपोआप चालू होतं, अशी त्यांची तक्रार होती. मी बोर्डावर मीटर लावून दाखवला. "हे बघा, पाच व्होल्ट. इकडे नाही, तिकडे नाही."

"मीटर काहीही दाखवू दे. आमचा पेशंट निळा पडला होता," त्या म्हणाल्या आणि यंत्र ठेवून निघून गेल्या.

माझं डोकंच फिरलं. पंचवीस वर्षं हातात सोल्डरिंग आयर्न धरतेय, मला शिकवतात! त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी ऑसिलोस्कोप सुरू केला. मीटर नुसती सरासरी सांगतो, हा क्षणाक्षणाचं दाखवतो. पडद्यावर सरळ रेघ यायला हवी होती. आली ती लाट. चार व्होल्ट, सहा व्होल्ट, पुन्हा चार.

व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बदलून पाहिला. लाट तशीच. मग लक्ष गेलं त्याच्या बाहेरच्या टोकाला लावलेल्या कपॅसिटरकडे. जुना फुगला होता म्हणून मी तिथे तांदळाच्या दाण्याएवढा नवा सिरॅमिक बसवला होता. महागातला, टिकाऊ. शहाणपणा माझाच! जुन्याच्या अंगात थोडा रोध असतो आणि या जातीचा रेग्युलेटर त्या रोधाच्याच आधाराने स्थिर राहतो. नव्यात तो जवळजवळ नसतोच. रेग्युलेटरच्या माहितीपत्रकात हे छापलेलं होतं. मी ते उघडायची तसदी घेतली नव्हती. जुन्या पद्धतीचा लावला आणि रेघ सरळ झाली.

हुश्श करणार, तोच आठवलं. त्याच आठवड्यात असाच सिरॅमिक मी आणखी एका यंत्रात घातला होता. दादाच्या.

दादाच्या छातीत स्वतः श्वास ओढायची ताकद उरलेली नाही. वहिनींना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. ऑसिलोस्कोप टेबलाला बोल्टने आवळलेला. सोल्डरिंग आयर्न, कपॅसिटर आणि मीटर पिशवीत कोंबून मी धावत सुटले. रस्ताभर नको नको ते डोळ्यांसमोर येत होतं.

दार उघडलं तेव्हा वहिनींच्या खांद्यावर ओले कपडे होते. आत दादाची छाती वरखाली होत होती. मी दाराला टेकलेच.

"वन्सं, अहो झालं काय?"

"यंत्र मध्येच बंद पडलं होतं का?"

"काल दोनदा जरा अडखळलं. लाईटचं काहीतरी असेल म्हटलं. तुम्ही दुरुस्त केलंय म्हटल्यावर बघायलाच नको."

"जादाचं यंत्र कुठाय?"

"ते परवाच परत केलं. तुम्हीच म्हणालात ना, आता बिनधास्त राहा."

म्हणाले होते. छाती ठोकून म्हणाले होते. "वहिनी, चूक झाली माझी. हे आत्ता बंद करून उघडावं लागेल."

त्यांनी कपडे तिथेच टाकले, दादाच्या गळ्यातल्या नळीला हाताने दाबायची रबरी पिशवी जोडली आणि दाबू लागल्या. मी यंत्र बंद केलं. खोली इतकी शांत झाली की मला माझाच श्वास नकोसा वाटला. दोनदा बोट भाजलं. दादाला बोलता येत नाही, पण डोळ्यांनी तो अजून माझी टिंगल करतो. आज केली नाही. नुसता बघत राहिला.

जुन्या पद्धतीचा कपॅसिटर बसला. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, हवेचा आवाज सुरू झाला. मीटर लावला. पाच व्होल्ट. ते तर दवाखान्याच्या यंत्रातही होते, लाट असतानाही.

वहिनींचे हात भरून आले होते. "वन्सं, झालं ना? लावू मशीन?"

मी हिरव्या दिव्याकडे बघितलं, मग दादाकडे.

"नको," मी म्हणाले आणि पिशवी त्यांच्या हातातून घेऊन दाबू लागले.