मायेवर जगलेल्या साठ पिढ्या

२००८ साल. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कोरियातल्या इंचनच्या एका प्रयोगशाळेत, पेशी वाढवायच्या उबदार कपाटाला कुणीतरी चिकट मिठाई लावून गेलं. पोरं कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसली की आया शाळेच्या फाटकाला चिकटवतात, तीच; ती चिकटली की पोर पास, अशी समजूत. हिशेबखात्यातल्या बाई तर लेकीलाच घेऊन आल्या.

"टेकव हात. बे सरांच्या कपाटाला लागलीस की पास!"

प्रयोगशाळेतल्या मी-सुकला हसू आलं, अभिमानही वाटला. एकोणीस वर्षं ती बे सरांच्या हाताखाली पेशी सांभाळत होती. दर शिक्षकदिनी त्यांच्या कोटाला फूल तीच लावायची.

त्या कपाटातला चमत्कार असा होता. हॅमस्टरच्या पेशींत जनुक घालून त्यांच्याकडून प्रतिपिंडाचं औषध बनवून घेतात. पेशींना ते ओझं होतं. जनुक टाकून देणाऱ्या पेशी भराभर वाढतात आणि औषध घटतं. म्हणून त्याच्या जोडीला विषापासून वाचवणारं दुसरं जनुक घालतात आणि पोषक द्रवात थोडं विष मिसळतात. जिनं ही जोडी टाकली, ती विषानं मेली. बे सरांच्या पेशी मात्र विषाशिवाय, साध्या द्रवात, साठ पिढ्या तेवढंच औषध देत होत्या.

"धाक कशाला? माया लावा!" पाहुण्यांपुढे सर डोळे मिटून म्हणायचे. "दर सोमवारी त्यांचं जेवण मी स्वतः बनवतो, आईनं बनवावं तसं."

मोठमोठ्या पदव्यांचे पाहुणे माना डोलवायचे. एकानं तर डोळे पुसले.

सोमवारची बाटली सर दोन्ही हातांनी द्यायचे, मी-सुक वाकून दोन्ही हातांनी घ्यायची. ज्येष्ठानं अशी दिलेली वस्तू तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं. कुणीच तपासली नाही.

कारखान्यात मात्र तो साधा द्रव तिथलीच माणसं बनवत. तिथल्या मोठ्या टाकीत दोन महिन्यांत औषध निम्म्यावर आलं.

"तिथे माया नाही," सर म्हणाले. "शिवाय कुणाच्या तरी मनात शंका आहे. पेशींना कळतं."

वसंतात या औषधाची संधिवाताच्या रुग्णांवर चाचणी सुरू व्हायची होती. यादीत मी-सुकची थोरली बहीण सुन-ओक होती. संधिवातानं तिला जेवणाच्या काड्यासुद्धा धरवत नव्हत्या.

"ओन्नी, टाकीत काहीतरी बिघडलंय. औषध अर्ध्यातच संपलं तर?" मी-सुकनं ताईला विचारलं.

"तुझे सर आहेत ना? मग उगाच कशाला घोर लावून घेतेस?"

त्या उत्तरानं मी-सुकला चैन पडेना. तिनं जनुक न घातलेल्या, म्हणजे विषानं मरतील अशा साध्या पेशी दोन बश्यांत घेतल्या. एकीत सरांच्या बाटलीतला द्रव ओतला, दुसरीत सर वापरत त्याच भुकटीपासून स्वतः बनवलेला. शुक्रवारी तिच्या बशीत पेशींची दाटी होती. सरांच्या बशीत सगळ्या मरून तरंगत होत्या.

बैठकीत तिनं दोन्ही बश्या टेबलावर ठेवल्या.

"सर, मायेनं पेशी मरतात का? बाटलीत विष आहे."

"मी-सुक, एकोणीस वर्षांत तू मला असं कधी विचारलं नव्हतंस."

"तेच चुकलं, सर."

प्रयोगशाळेतली धाकटी सहकारी बो-राम उठून बाटलीची तपासणी करायला निघाली. सरांनी मी-सुकला खिडकीपाशी ओढलं.

"वसंतापर्यंत गप्प बस. तुझ्या बहिणीचं नाव यादीत मीच वर सरकवलंय."

"म्हणजे तिचं औषध मध्येच बंद पडणार, हे ठाऊक असून?"

ती सरांसमोर वाकली नाही, तशीच निघून गेली.

बाटलीत विष निघालं; साठ पिढ्या पेशी मायेवर नव्हे, त्याच जुन्या धाकावर औषध देत होत्या. बे सरांनी राजीनामा दिला आणि ते समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तिथेही त्यांची व्याख्यानं ऐकणारे भेटले म्हणतात. हिशेबातल्या बाईंची लेक नापास झाली, पुढच्या वर्षी अभ्यास करून पास झाली. बो-रामनं चारशे पेशी एकेक वेगळ्या वाढवल्या, साध्या द्रवात महिनोन् महिने त्यांचं औषध मोजलं आणि खरोखर टिकणारी एक शोधली. त्यात दीड वर्ष गेलं. तेवढ्या काळात सुन-ओकची बोटं कायमची वाकली. पुढे औषधानं दुखणं थांबलं, बोटं सरळ झाली नाहीत. मी-सुक आजही रोज तिला भरवायला जाते.

ज्यांच्यावर आपला जीव आहे, त्यांचंही म्हणणं तपासून घ्यावं. त्यात अपमान नाही. मी-सुकनं त्या बश्या पहिली बाटली हाती आली तेव्हाच मांडल्या असत्या, तर सुन-ओक आज आपल्या हातानं जेवली असती.